सुतळीचं दुसरं टोक

दोर वळणारा माणूस आयुष्यभर उलटा चालतो. कमरेला वाख, म्हणजे घायपाताच्या पानांचे तंतू, गुंडाळलेला, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवलेलं, आणि चाक फिरू लागलं की बोटांतून वाख सोडत, पीळ बसवत, एकेक पाऊल मागं. गावात त्याला सगळे 'पीळ' म्हणत. आडनावासारखं चिकटलं होतं ते, धंद्यामुळं थोडं आणि स्वभावामुळं जास्त. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण आपल्या नवऱ्याला बघूनच कुणीतरी केली असणार, असं त्याची बायको म्हणायची, आणि इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला खोटं कोण ठरवणार.

घरामागून ओढ्यापर्यंत एक सरळ पट्टी गेली होती, पायांनी तुडवून गुळगुळीत झालेली. वरच्या टोकाला चाक आणि चाकावर थोरली. विशी ओलांडलेली, हाडापेरानं मजबूत, चाक फिरवून फिरवून दंड बापासारखे झालेले. धाकटी बहीण लग्न होऊन सासरी गेली होती, ही राहिली होती. का राहिली असं कुणी विचारलं की घरातून एकच उत्तर जायचं, "लाजाळू आहे हो."

ती लाजाळू नव्हती, बहिरी होती. लहानपणी ताप आला, तो उतरला तेव्हा जाताना कान घेऊन गेला. तोवर बोलायला शिकलेली होती म्हणून वाचा राहिली. पण आपला आवाज आपल्यालाच येत नसल्यानं कधी कुजबुजायची, कधी चारचौघांत ओरडल्यासारखं बोलायची. ती अशी ओरडली की पीळ हाताचा तळवा जमिनीकडं करून दाबायचा. हळू. दिवसातून कितीतरी वेळा तो तळवा खाली जायचा.

कामात मात्र तिला कानाची गरज पडत नव्हती. दोघांच्या मध्ये दोर होता. एक हिसका दिला की थांबायचं. दोन दिले की जोरात फिरवायचं. एक लांब ओढ म्हणजे, सोड आता, जेवायला चल. एवढ्या लांबून बापानं तोंड न उघडता पोर सगळं बरोबर करते, हे बघून येणारेजाणारे म्हणायचे, काय गुणाची पोर आहे! ते ऐकून पिळाची छाती फुगायची आणि त्याच वेळी आत कुठंतरी टोचायचं.

बाजारात, एसटी स्टँडवर, गर्दीच्या ठिकाणी त्यानं आणखी एक युक्ती काढली होती. एक बारीक सुतळी, एक टोक तिच्या मनगटाला, दुसरं त्याच्या मुठीत, वरून दोघांच्या बाह्या ओढलेल्या. पोर चुकली तर हाक मारून उपयोग नाही, आणि हाक मारूनही वळली नाही तर लोकांना कळणार. सुतळी ओढली की ती वळायची. कुणाच्या बापाला पत्ता लागत नव्हता.

बाकी लोकांसाठी त्यानं तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. समोरच्याच्या ओठांकडं बघायचं. आणि नाहीच समजलं तर हसायचं नि "बरं" म्हणायचं.

त्या 'बरं'नं एकदा घात केला. गिरणीवाल्याची म्हातारी आई गेली. चौथ्यापाचव्या दिवशी थोरली दळण घेऊन गेली, तर गिरणीवाला पिठानं माखलेल्या मिशांतून, खाली मान घालून म्हणाला, "आमची आई गेली गं." मिशांमुळं ओठ दिसेनात. थोरली हसली आणि म्हणाली, "बरं."

संध्याकाळी गिरणीवाला भांडायलाच आला. पीळ अंगणात उभा राहिला. एक वाक्य बोलला असता तर सगळं मिटलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण तो म्हणाला, "काय करू रे बाबा, पोरीचा स्वभावच तसा आहे. माणुसकी कमीच." गिरणीवाला थुंकला आणि गेला. त्या दिवसापासून गावात थोरलीला 'बाईसाहेब' नाव पडलं. बाईसाहेबांना कुणाच्या सुखदुःखाचं सोयरसुतक नाही, असं बायका तिच्या तोंडावर बोलायच्या, आणि ती हसून "बरं" म्हणायची.

त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं. चारा संपला, लोकांनी जनावरं विकली, आणि ज्याच्याकडं जनावर नाही तो दावं घेऊन काय स्वतःला बांधून घेणार? विहिरींना पाणी नाही म्हणून पाणी शेंदायला सोल नको, बैल नाहीत म्हणून कासरा नको. उरलीसुरली गिऱ्हाइकं बाजारातल्या निळ्या नायलॉनच्या वेटोळ्यांकडं वळली. पिळाच्या पडवीत तुळईला तयार दोर लटकत राहिले. तरी तो रोज सकाळी कमरेला वाख गुंडाळायचाच. हात रिकामे राहिले की माणूस सडतो, असं म्हणायचा.

अशात एक दिवस नर्सताई आली. पोरांना लस द्यायला गावात यायची. थोरलीचं खरं काय ते गावात तिला एकटीला माहीत होतं, कारण थोरलीच्या आईनं एकदा तिच्यापाशी मन मोकळं केलं होतं.

"काका, दूध डेअरीत बाटल्या भरायच्या खात्यात माणसं घेतायत," ती पडवीच्या कडेला बसत म्हणाली. "त्यातली एक जागा अपंगांसाठी राखून ठेवलीय. ठेवावीच लागते, कायदा आहे तसा. ती जागा तुमच्या थोरलीचीच म्हणायची."

"अपंग कशानं? हातपाय धडधाकट आहेत तिचे."

"आणि कान?"

पीळ वाख विंचरत राहिला.

"मोठ्या दवाखान्यात कान तपासून घ्यायचे. दाखला मिळतो. कानाला यंत्र मिळतं, तेही फुकट. नोकरी मिळते."

"आम्हाला भीक नको."

"भीक कुठली आली यात? हक्क आहे तिचा. तुम्ही सरकारी रस्त्यावरून चालता, ती काय भीक घेता?"

थोरली समोर बसून नर्सताईच्या ओठांवर नजर लावून होती. सगळं नाही, पण डेअरी कळलं होतं, नोकरी कळलं होतं. ती एकदम म्हणाली, "मी जाणार!"

शेजारची कोंबडी फडफडली इतका आवाज मोठा. बापाचा तळवा खाली गेला.

"मी जाणार," ती पुन्हा म्हणाली, आणि आवाज कणभरही कमी नव्हता.

डेअरी तिनं पाहिली होती. एकदा बापाबरोबर दोर पोचवायला गेली होती. आत यंत्रांचा असला खडखडाट, की बापानं कानांवर हात ठेवले. तिथल्या बायका एकमेकींशी हातांनी, ओठांनी, भुवयांनी बोलत होत्या. त्यातल्या एकीनं दारात उभ्या थोरलीला लांबूनच अंगठा तोंडाशी नेऊन विचारलं, पाणी हवं का? थोरलीला लगेच कळलं. तिनं मान हलवली, पाणी आलं, ती प्यायली. परतीच्या वाटेवर सारखी हसत होती. "तिथं सगळ्या माझ्यासारख्याच," असं घरी येऊन आईला तिनं किती वेळा सांगितलं असेल.

"म्हणजे आता गावभर ढोल पिटायचा," नर्सताई गेल्यावर पीळ बायकोवर चिडला.

"पिटा की," बायको म्हणाली. "तिला थोडाच त्रास होणार आहे?"

पीळ हसला नाही. पण तुळईवरचे दोर दिसत होते, पोरीचं तोंड दिसत होतं. शेवटी तो कबूल झाला, ते एका अटीवर. पहिल्या एसटीनं जायचं, आणि गावात कुणाला सांगायचं नाही.

दवाखान्यात एका लांब व्हरांड्यात तपासणीचे लोक बसले होते. कुबडी मांडीवर आडवी टाकून एक बाप्या पेंगत होता. एक बाई मोठ्या झालेल्या मुलाला कडेवर घेऊन उभी होती, त्याची मान तिच्या खांद्यावरून सारखी ओघळत होती, आणि ती न बघताच ती मान सरळ करत होती. ती बाई पिळाकडं बघून ओळखीचं हसली. या व्हरांड्यातले सगळे एकाच गावचे असावेत, तसं. पीळ तिथून उठला आणि सुतळी ओढून थोरलीला घेऊन समोर डोळेवाल्यांच्या बाकावर जाऊन बसला. तिथं बसलेलं बरं, डोळे काय कुणाचेही येतात.

आणि नेमका तिथंच गिरणीवाला. गुडघा दाखवायला आला होता.

"तू इथं कसा?"

"डोळ्यांत खुपतंय," पीळ म्हणाला.

"आणि बाईसाहेब?"

"सोबत आणलंय."

तेवढ्यात केसपेपरच्या खिडकीतल्या माणसानं कानाच्या खोलीसाठी पुकारा केला. पीळ उठला, सुतळीला हिसका बसला, थोरली उठली. गिरणीवाल्याच्या भुवया वर गेल्या. "डोळे कानाच्या खोलीत तपासतात होय रे?" त्यानं मागून विचारलं. पिळानं ऐकू न आल्यासारखं केलं.

खोली लहान होती. तपासणाऱ्या बाईंनी थोरलीच्या कानांवर जाड पट्ट्यासारखं काहीतरी बसवलं आणि तिला खुणेनं समजावलं. आवाज आला की हात वर करायचा. पिळाला थोरलीच्या मागं स्टूल मिळालं. बाई बटण दाबायच्या, यंत्रावर थोरलीला न दिसणारा एक लाल दिवा लागायचा, विझायचा. बाईंची नजर यंत्राच्या काट्यावर. दाराला वरच्या अंगाला काच होती, आणि काचेपलीकडं गिरणीवाल्याचं तोंड.

दिवा लागला. थोरलीचा हात मांडीवर. विझला. पुन्हा लागला. हात मांडीवरच. बाईंनी जिभेनं च् केलं, काटा थोडा पुढं सरकवला. पुन्हा दिवा.

त्या च्-नं पिळाला पोरीची शाळा आठवली. लहानपणी शाळेत मास्तर तिला उभं करून विचारायचे, ती नुसती बघत राहायची, पोरं हसायची, आणि दारात तिला न्यायला आलेला तो चपला बघत उभा राहायचा. ती आता परक्या बाईसमोर, गिरणीवाल्याच्या डोळ्यांदेखत नापास होत होती. सुतळी अजून मुठीतच होती. दिवा लागला, आणि त्याच्या बोटांनी, त्याला न विचारता म्हणा हवं तर, सुतळी हलकेच ओढली.

थोरलीचा हात वर गेला.

"छान," बाई म्हणाल्या.

तिच्याबद्दल 'छान' हा शब्द परक्याच्या तोंडून त्यानं किती वर्षांनी ऐकला होता! मग बोटांना चटकच लागली. दिवा, ओढ, हात. दिवा, ओढ, हात. थोरली एकदाही चुकली नाही. दोरानं सांगितलं आणि तिनं केलं नाही, असं आजवर झालंच नव्हतं. काचेपलीकडं गिरणीवाला मान वाकडी करून बघत होता, आणि पिळाला वाटलं, बघ म्हणावं, बघ. आपण इथं कशासाठी आलो आहोत हेच तो तेवढा वेळ विसरून गेला. इतकी वर्षं ती बहिरी नाही असं दाखवायची सवय. ती बहिरी आहे हे दाखवायला आल्यावरही हाताला तेवढंच येत होतं.

आठवण आली ती डॉक्टरांच्या टेबलासमोर. उशीर झाला होता.

"हिला ऐकू येतं," डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले. "किंचित कमी असेल. दाखला मिळणार नाही." मग मान वर करून त्यांनी थोरलीकडं पाहिलं. "सवलती निघाल्यापासून लोक काय काय सोंगं घेऊन येतात! बाहेर खरी अपंग माणसं ताटकळत बसलीत, त्यांची तरी लाज बाळगा."

दार उघडंच होतं. बाहेर गिरणीवाला, कुबडीवाला, मान ओघळणाऱ्या पोराची ती आई. पिळानं तोंड उघडलं. काय सांगायचं होतं? मी दोरी ओढली? त्यानं तोंड मिटलं, नमस्कार केला आणि पोरीला घेऊन बाहेर पडला.

एसटीत थोरली खिडकीपाशी बसली. मग भरल्या गाडीत तिचा आवाज घुमला. "बाबा, ते मला सोंग म्हणाले?"

पुढच्या सीटवरचे लोक वळले. पिळाचा तळवा खाली गेला.

"मी तर सगळे हात बरोबर केले," ती म्हणाली. "तुम्ही ओढलंत की लगेच. एक तरी चुकला का? मग दाखला का नाही दिला?"

ती त्याच्या ओठांकडं बघत होती. पीळ हसला, त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "बरं."

आपलंच शिकवलेलं आपल्या तोंडून निघालं, हे त्याला कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आईनं काय ते खोदून खोदून विचारलं. थोरलीनं सगळं सांगितलं, दिवा तिला दिसला नव्हता पण सुतळी कळली होती. आईनं कपाळावर हात मारला. मग पोरीला समोर बसवून, सावकाश, ओठ मोठे करून सांगितलं, की ते यंत्र तुला ऐकू येतं का हे बघायचं असतं. बाबांना नव्हे. तुला ऐकू आलं नाही तरच दाखला. थोरलीनं ते दोनदा वदवून घेतलं. मग उठून वाखाच्या ढिगाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चाकावर आली. पीळ मनात म्हणाला, सुटलो. वाख आकड्यात अडकवला, मागं चालू लागला. अर्ध्या पट्टीवर वाख कमी पडला म्हणून त्यानं एक हिसका दिला. चाक थांबलं. पण थोरली जागेवर बसली नाही. ती उठली, दोराच्या कडेनं चालत सगळी पट्टी उतरून त्याच्यापाशी आली, त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

"थांबायचं?" तिनं विचारलं. "खरंच?"

त्यानं मान हलवली. ती परत चालत वर गेली. थोड्या वेळानं त्यानं दोन हिसके दिले. पुन्हा ती आली. "जोरात? खरंच?"

तिच्या आवाजात राग असता तर तो सोसला असता, उलट ओरडला असता. राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती. दोर खोटं बोलू शकतो हे तिला कालच कळलं होतं, आणि आता प्रत्येक वेळी खात्री करून घ्यायला हवी, एवढंच तिनं सरळपणानं ठरवलं होतं. दुपारपर्यंत ती पट्टी चढत-उतरत राहिली. दोर सैल पडून पडून त्याचा पीळ सुटला, सगळा वाख वाया गेला. लांब ओढ देऊन जेवायला बोलवायची त्याची हिंमत झाली नाही. तो स्वतः वर चालत गेला आणि तोंडाशी हात नेऊन तिला खुणेनं सांगितलं.

तोवर गिरणीवाल्यानं गावात पीठ पसरावं तशी बातमी पसरली होती. बाईसाहेब बहिरेपणाचं सोंग घेऊन दाखला काढायला गेल्या, डॉक्टरनं हाकलून दिलं. गावाला नवल वाटलं नाही. गावानं इतकी वर्षं तिला ऐकताना पाहिलं होतं. सगळ्यांच्या बोलण्यावर ती हसली होती, सगळ्यांना "बरं" म्हणाली होती. पिळानं स्वतःच्या हातानं एवढा पक्का दोर वळला होता, की आता तो तोडायला साक्षीदार मिळेना.

नर्सताई आली ती कपाळाला आठ्या घालून. "फेरतपासणी मागता येते, तोही हक्कच आहे. पण पहिली चुकली कशी हे सांगावं लागेल. समोर उभं राहून. आणि डेअरीवाले महिनाअखेरपर्यंतच जागा ठेवतील."

"तुम्हीच सांगा ना काहीतरी," पीळ म्हणाला. "यंत्र बिघडलं होतं म्हणा."

बोलली ती बायको. चुलीपाशी पाठमोरी बसून, न वळता.

"पोरीला ऐकू येत नाही याची तुम्हाला केवढी लाज! आणि कधीतरी तुमचीच लाज वाटेल तिला, ते चालेल ना?"

पीळ उठून बाहेर गेला. पडवीतल्या दोरांखाली नुसता उभा राहिला. मग पायात चपला सरकवल्या आणि गिरणीकडं निघाला. दवाखान्यात बोलायचं ते पुढचं पुढं; आधी जिथं खोटं पेरलं तिथं जायला हवं, एवढं त्याला कळत होतं.

गिरणीत दोनचार बायका डबे लावून बसल्या होत्या. पट्टा फटफटत होता. गिरणीवाल्यानं त्याला पाहिलं आणि मुद्दाम हॉपरमध्ये धान्य ओतत राहिला.

"माझी पोर बहिरी आहे," पीळ म्हणाला.

"काय?"

"बहिरी आहे! लहानपणापासून! काडीचं ऐकू येत नाही तिला!"

आयुष्यभर तळवा खाली दाबणारा माणूस बायकांच्या देखत ओरडत होता. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. गिरणीवाल्यानं हात पुसले.

"दवाखान्यात तर ऐकत होती. मी बघितलं काचेतून."

"मी सुतळी ओढत होतो. तू बघत होतास म्हणून." पिळाला पुढचं बोलताना धाप लागली. "तुझी आई गेली तेव्हाही तिला कळलं नव्हतं. तुझ्या मिशा होत्या आड. मला माहीत होतं. मी तुला म्हणालो, स्वभाव तसा आहे."

रागावला असता तर बरं झालं असतं, असं तोंड करून गिरणीवाला म्हणाला, "ती आली की मी तिचं दळण सगळ्यांच्या शेवटी टाकायचो. कधी कधी अंधार पडायचा. पोरगी बसून राहायची, कुरकुर नाही की काही नाही. मला वाटायचं, बघा मस्ती." त्यानं मान हलवली. "मी तिला शिक्षा करत होतो रे. आणि तू करू दिलीस."

पिळाला वाटायचं, तिथं गर्दी असते म्हणून उशीर होतो. खरं म्हणजे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"चल," गिरणीवाला म्हणाला. "कुठं काय सांगायचं असेल तिथं मी येतो. सोंग म्हणून मीच बोंबललो गावभर."

"नको. ते मलाच सांगायला हवं."

फेरतपासणीच्या दिवशी व्हरांडा तसाच भरलेला होता. पीळ या वेळी डोळेवाल्यांच्या बाकावर गेला नाही. मान ओघळणाऱ्या पोराची ती आई आजही होती, पेंगणारा कुबडीवालाही. तिनं सरकून जागा केली आणि थोरली तिच्या शेजारी बसली. पोराची मान ओघळली तेव्हा थोरलीनं ती हातानं हलकेच सरळ केली.

खिडकीतल्या माणसानं पुकारा केला. पीळ उभा राहिला. सवयीनं मूठ आवळली गेली, सुतळी होती मुठीत, ताणही बसला. मग त्यानं मूठ सैल सोडली आणि खिडकीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "तिला ऐकू येत नाही. खुणेनं बोलवा."

सगळा व्हरांडा वळला. त्याचे कान तापले. खिडकीतल्या माणसानं हात हलवला, थोरलीनं तो पाहिला आणि उठली.

आत डॉक्टर होते, तपासणाऱ्या बाई होत्या. "मागच्या वेळी हात वर होत होता तो कसा?" डॉक्टरांनी विचारलं, आणि पिळानं सांगितलं. सुतळी मुठीतून काढून दाखवली. सांगताना तो डॉक्टरांकडं बघत नव्हता, पोरीकडं तोंड करून, ओठ नीट हलवत, तिला समजेल असं बोलत होता. "गिरणीवाला बघत होता. तू नापास होशील याची मला लाज वाटली. म्हणून ओढली. तुझी चूक नव्हती. सोंग माझं होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तेही थोडे ओशाळले असावेत, पण तसं काही बोलले नाहीत. "तुम्ही बाहेर थांबा," एवढंच म्हणाले.

थोरलीनं स्वतःच मनगटाची गाठ सोडली. घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली. सुतळीचं तिच्याकडचं टोक तिनं बापाच्या तळव्यावर ठेवलं आणि खुर्चीवर जाऊन बसली.

दाराच्या काचेतून तो बघत राहिला. लाल दिवा लागला, विझला. लागला. थोरलीचा हात मांडीवर. बाईंनी काटा सरकवला, पुन्हा सरकवला. दिवा लागायचा तसा पिळाच्या बोटांना झटका यायचा, रिकाम्या सुतळीची दोन्ही टोकं मुठीत आवळून तो उभा होता. इतक्या वेळा दिवा लागला आणि एकदाही तिचा हात हलला नाही. इतकं तिला ऐकू येत नव्हतं. घरात राहून, रोज समोर असून, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. पोर केवढ्या शांततेत एकटी बसून होती, आणि तिथंही तो तिला हळू, हळू म्हणत आला होता. त्याला रडू आलं. मागं लोक होते, तरी त्यानं डोळे पुसले नाहीत.

शेवटाला कधीतरी, काटा पार टोकाला गेल्यावर, थोरलीचा हात अर्धवट वर गेला. काहीतरी पोचलं होतं. ती गोंधळून, हसून बाईंकडं बघत होती, आणि बाईही हसल्या.

दाखला मिळेल असं डॉक्टरांनी सांगितलं. यंत्राचं माप घेतलं. डेअरीची जागा अजून भरलेली नाही, असं नर्सताईनं निरोप पाठवला होता. थोरली बाहेर आली ती ओरडतच, "मला जागा मिळणार!" कुबडीवाला दचकून जागा झाला. पिळाचा तळवा उचलला गेला होता, तो त्यानं खिशात घातला.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर बाजारासारखी गर्दी होती. रिक्षा, हातगाड्या, एसटीकडं धावणारी माणसं. पिळानं सुतळी काढून पुढं केली. थोरलीनं सुतळीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. मग मान हलवली, नाही, आणि गर्दीत शिरली.

आजवर त्याची पाठ वाटेकडं आणि तोंड तिच्याकडं असायचं. आता तिची पाठ पुढं होती. हाक मारून तिला ऐकू जाणार नव्हती, आणि ओढायला तिच्या मनगटाला काही नव्हतं. तिनं आपणहून मागं बघावं एवढीच सोय उरली होती, आणि बघच म्हणायला त्याच्याकडं तोंड नव्हतं. सुतळी खिशात कोंबून तो तिच्या मागोमाग एसटी स्टँडकडं चालू लागला.